लिंबूटिंबूची जागा

बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच वाटली नसणार. नेदरलँड्समधली पोरं शाळेत व्यायामाच्या तासाला लहानपणापासून असलं काहीतरी खेळत आलेली असतात. मी आपली पुण्यातल्या कॉलनीत चुलतभावांच्या मागे लागून क्रिकेट खेळलेली बाई. चेंडू चुकून लागला, तशी बॅट छातीशी कवटाळून धावत सुटले आणि पहिला बेस जवळ येताच वाकून, हात लांब करून, बॅटचं टोक त्या पांढऱ्या उशीला टेकवलं. रनआऊट व्हायला नको ना! बारा-तेरा वर्षांची ती पोरं गवतावर लोळून हसायला लागली. व्यायामाचे सर तर डोळे पुसत होते.

मला राग आला. माझा राग तसा नाकावरच असतो. पण त्या गलक्यात एक हसू असं होतं, की मी वळून बघितलं. कुंपणाशी उभी असलेली, मी शिकवते त्या वर्गातली मराठी मुलगी हसत होती. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मी असं का केलं ते अख्ख्या मैदानावर तिला एकटीलाच कळलं होतं. आणि शाळेचं वर्ष संपत आलं होतं, तरी तिच्या गळ्यातून निघालेला आवाज मी शाळेत पहिल्यांदाच ऐकत होते.

हे सगळं कोरोनाच्या दुसऱ्या वर्षातलं. आम्ही द हेगला चिकटून असलेल्या रायस्वाइकमध्ये राहतो. नवऱ्याचं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला झुइडासमध्ये, पण तेव्हा ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं, आणि मी ताटं मांडायला गेले की समोरच्या लॅपटॉपमधले चार लोक मला हात करायचे. मी पुण्यात सातवी-आठवीला गणित शिकवायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, काही वर्षं घराच्या भिंती बघत काढली, आणि मग चिडून डच शिकले. खरोखर चिडून. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची बाई माझ्याशी, रांगत्या बाळाशी बोलावं तशी, सावकाश आणि मोठ्याने बोलायची. तिला एकदा नीट उत्तर द्यायचं, एवढ्या एका ईर्ष्येने माझी भाषा झाली. गणिताच्या शिक्षकांचा इथे दुष्काळ आहे, त्यामुळे पुढे एका शाळेने मला घेतलं आणि पहिल्या वर्षाच्या एका वर्गाची मेंटॉर केलं. मेंटॉर म्हणजे आपली वर्गशिक्षिका.

माध्यमिक शाळेचं हे पहिलं वर्ष इथे फार नाजूक असतं. वर्षभर सगळी मुलं एकत्र शिकतात आणि शेवटी त्यांची वाटणी होते. काही जण ‘हाव्हो’ नावाच्या वरच्या शाखेत जातात, तिथून पुढे कॉलेज. बाकीचे हाताच्या कामाचं शिक्षण देणाऱ्या शाखेत. कोण कुठे, ते सगळे शिक्षक एकत्र बसून ठरवतात, आणि प्रत्येकाने प्रत्येक मुलाबद्दल तोंड उघडायचं असतं. हाताच्या कामात वाईट काही नाही, माझ्या घरातला प्रत्येक नळ तिथे शिकलेल्या माणसाने बसवलाय आणि एकही गळत नाही. पण जो तो आपल्या जागी गेला पाहिजे ना. केवळ गप्प बसते म्हणून पोरगी भलत्याच ठिकाणी जाऊ नये.

ही मुलगी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. रोग यायच्या जेमतेम काही महिने आधी आईवडिलांबरोबर पुण्याहून आलेली. डचमध्ये नमस्कार-चमत्कार शिकली तोच शाळा बंद झाल्या. उघडल्या, पुन्हा बंद झाल्या. संगणकाच्या पडद्यावर तिचा चौकोन कायम काळा, मधोमध नावाचं पहिलं अक्षर. हजर रोज, बोलणं कधीच नाही. लेखी गणितात चांगली, बाकी विषयांत बरी, आणि डचमध्ये शिक्षिकेकडे तिच्याविषयी सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ही डच शिकवणारी माझी सहकारी निवृत्तीला आलेली, उंच, काडीसारखी बाई. जे वाटेल ते तोंडावर बोलायची. मला म्हणाली, “मी तिला ओळखत नाही. जिला ओळखत नाही, तिला वर कसं पाठवू?” खोटं काय होतं त्यात?

मेंटॉर या नात्याने तिच्या घरी फोन करून ही शक्यता मलाच कळवावी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची आई दारात. दारात म्हणजे फुटपाथवर. तिने शंकरपाळ्यांचा डबा आमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकली, तेव्हा तशीच रीत होती. मग बराच वेळ इकडचंतिकडचं बोलली. गणपती यंदा ऑनलाइन असेल का, पिठाची गिरणी कुणी मागवलीय. निघता निघता एकदम तिचा बांध फुटला. “ताई, ती मठ्ठ नाहीये हो. घरी अखंड बडबड असते तिची. यांना तर झोप लागत नाही. तुम्हीच काहीतरी करा.”

मी तिला म्हटलं, अगं, बघते. पण काय बघणार होते डोंबल? मी त्या मुलीच्या जागी बोलू शकत नव्हते. बोलायचं तिलाच होतं, आणि हातात राहिले होते शेवटचे काही आठवडे.

त्यातच व्यायामाच्या सरांनी आपलं ते पिल्लू सोडलं. हे सर कॅरिबियन समुद्रात डच राज्याचं एक बेट आहे तिथे वाढलेले, आडव्या बांध्याचे, सतत गुणगुणणारे. त्या बेटावर बेसबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. मुलं तेव्हा अर्धा-अर्धा वर्ग करून आळीपाळीने शाळेत येत होती, एकमेकांपासून दीड मीटर लांब बसत होती आणि खिडक्या उघड्या ठेवल्यामुळे कुडकुडत होती. ऑनलाइन बैठकीत सर म्हणाले, कालव्यापलीकडे बेसबॉल क्लबचं मैदान ओस पडलंय, क्लबवाले द्यायला तयार आहेत. पोरांना तिकडे नेऊ आणि सगळेच विषय बेसबॉलमधून शिकवू. या खेळात सगळे मुळातच लांबलांब उभे असतात.

माझा पारा चढला. आधीच अर्धं गणित राहिलेलं, त्यात हे खेळ! पण इथे एखादी गोष्ट ठरवायची तर शेवटच्या माणसाचं समाधान होईपर्यंत चर्चा करतात, आणि त्या चर्चेला मी इतकी कंटाळले की हो म्हणून टाकलं.

पहिल्या दिवशी पोरांना मैदानावर बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके महिने आम्ही त्यांना खांद्यापर्यंतच बघितलं होतं. ती एवढी उंच झालीयेत हे कुणाला ठाऊक होतं! पँट्स आखूड झालेल्या, हातपाय वाढलेले, ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. कालव्यावरून वारा येत होता आणि ती मुलं काही न सांगता नुसती पळत सुटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही सगळे शिक्षक कुंपणाशी बघत उभे राहिलो. इतिहासाच्या सरांनी चष्मा काढून पुसला. कुणी त्यांना थांबवलं नाही.

मग शाळा सुरू झाली. विज्ञानाच्या बाईंनी चेंडू उंच फेकायला लावला आणि तो वर जाताना हळू का होतो, वरच्या टोकाला क्षणभर थांबल्यासारखा का वाटतो, ते विचारलं. इतिहासवाल्यांनी हा खेळ समुद्र ओलांडून बेटांवर कसा गेला ते सांगता सांगता गुलामांच्या जहाजांपर्यंत नेलं, आणि दंगेखोर पोरंसुद्धा गवतावर मांडी घालून ऐकत राहिली. डचच्या बाईंनी रेडिओवरच्यासारखं धावतं वर्णन करायचं काम दिलं. कुंपणाशी उभं राहायचं आणि समोर दिसतं ते दोन मिनिटं न थांबता सांगायचं.

माझ्या वाट्याला गणित. चार बेसचा चौकोन. मी पोरांना त्याची बाजू मोजायला लावली, वीस मीटर भरली. फलंदाज उभा राहतो त्या ‘होम’ बेसपासून सरळ समोरच्या दुसऱ्या बेसपर्यंत किती, ते आधी कागदावर काढायला लावलं. वर्गमूळ वगैरे करून अठ्ठावीस आणि वर थोडं आलं. मग टेप धरून मोजलं. अठ्ठावीस आणि वर थोडं! एक लाल केसांचा, वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा टेपचं टोक हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, “पण टेपला कसं माहीत?” मी आयुष्यभर पायथागोरस शिकवत आले, पण त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला. टेपला खरंच कसं माहीत? त्या दिवशी आम्ही पुढे काही शिकलोच नाही, नुसते चौकोन आखत आणि मोजत बसलो. प्रत्येक वेळी तेच यायचं आणि प्रत्येक वेळी पोरं ओरडायची.

सरासरी शिकवताना आणखी एक गंमत कळली. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा ज्याला नीट फटका मारता येतो, तो मोठा खेळाडू. दहापैकी तीन! आमच्या घरी दहापैकी तीन आणले असते तर जेवायला मिळालं नसतं. मी हे वर्गाला सांगितलं आणि कुंपणाकडून पुन्हा ते दबलेलं हसू आलं.

आता मुख्य गोष्ट. खेळायला उतरायच्या दिवशी सर एका जखमी गुडघ्यावर बर्फ लावण्यात गुंतले होते. मला म्हणाले, तुझ्या वर्गाला तूच जागा वाटून दे. मी काय, झोकात वाटल्या. चेंडू फेकायला तो लाल केसांचा बडबड्या. चपळ पोरं बेसवर. लांब फेकणारी मागे. आणि या मुलीला मी फलंदाजाच्या मागे उभं केलं, विकेटकीपरच्या जागी. कारण आमच्या कॉलनीत तिथे कोण उभं राहायचं? लिंबूटिंबू! ज्याला बॅटिंग द्यायची नसते, बोलिंग द्यायची नसते आणि रडू नये म्हणून खेळात तर घ्यायचं असतं, त्याने स्टंपांच्या मागे थांबून सुटलेले चेंडू आणून द्यायचे. माझं अख्खं लहानपण त्या जागेवर गेलंय. तिथे कुणी तुमच्याकडे बघत नाही आणि तुम्हाला कुणाशी बोलावं लागत नाही. मला वाटलं, गप्प पोरीला याहून बरी जागा कुठली? क्लबने दिलेला जाळीचा मुखवटा तिने चढवला, तो केवढा तरी हातमोजा घातला, आणि दीड मीटरच्या नियमासाठी ठेवलेल्या नारिंगी शंकूच्या मागे जाऊन उकिडवी बसली.

सर परत आले आणि त्यांची गुणगुण बंद पडली. माझ्याकडे बघून म्हणाले, तिला कॅचर केलंस? धीट आहेस. मग त्यांनी मला समजावलं, आणि मी कपाळाला हात लावला. मैदानावर आठ जण आतल्या बाजूला तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर बाहेर तोंड करून बसतो. त्यामुळे सगळं मैदान फक्त त्याला दिसतं. चेंडू कुठे टाकायचा हे तो बोटांच्या खुणांनी फेकणाऱ्याला सांगतो, कोणी कुठे सरकायचं हेही तोच सांगतो. सगळा खेळ त्याच्या हातात. मी सगळ्यात मुक्या पोरीला खेळाची मालकीण करून बसले होते!

बदलू या तिला, मी म्हटलं. सर म्हणाले, बसलीये तर बसू दे थोडी.

पहिले दोन दिवस तिने नुसते चेंडू अडवले. तिसऱ्यांदा मैदानावर गेलो तेव्हा मी गणिताचे कागद वाटत होते, सहज मान वर केली. एक मुलगी बॅट घेऊन उभी राहिली होती. ही उकिडव्यानेच थोडी मागे झाली, तिच्या पायांकडे बघितलं, आणि डावा हात उचलून दोन बोटं हलवली. लांब उभा असलेला एक मुलगा मुकाट्याने डावीकडे सरकला. फटका बसला आणि चेंडू थेट त्याच्या पोटात गेला. मला वाटलं, योगायोग. पुढचा फलंदाज आला. हिने पुन्हा पायांकडे बघितलं, उजवा तळवा पुढे केला, म्हणजे जागेवर थांब. मग बडबड्याला खाली एक बोट दाखवलं. तोही, ज्याने वर्षभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, मान डोलावून तिने सांगितलं तिथे चेंडू टाकत होता. कुणी त्यांना हे शिकवलं नव्हतं. त्या खुणा तिच्याच होत्या, आणि बाकीच्या आठही जणांना त्या कळत होत्या. माझ्या हातातले कागद वाऱ्याने उडून कालव्यात गेले तरी मला शुद्ध नव्हती.

परतताना मी तिला गाठलं. शाळेत ती मला ‘मेव्रो’ म्हणायची, म्हणजे बाई, आणि मराठी मंडळात मावशी. मी मराठीतच विचारलं, तुला आधीच कसं कळतं गं, चेंडू कुठे जाणार ते?

ती खाली बघत चालत राहिली. मला वाटलं, झालं. मग म्हणाली, “मावशी, ते मारायच्या आधी तिकडे बघतात ना.” पुलावर चढल्यावर आणखी म्हणाली, “ऑनलाइनमध्येपण मी सगळ्यांना बघायचे. सगळे बोलत असायचे, म्हणून कुणी कुणाला बघायचं नाही. मी एकटीच बघायचे.”

आणि मग पुलापासून शाळेच्या फाटकापर्यंत तिने मला अख्खा वर्ग सांगितला. कोण घाबरलं की जास्त बोलतं. कोणाच्या घरी मागे भांडण चालू असायचं आणि तो माइक पटकन बंद करायचा. कोण हसताना डावीकडे बघतं आणि का. मी त्या वर्गाची मेंटॉर, आणि यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. काळ्या चौकोनामागे कुणी नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि तिथे ही एवढे डोळे उघडे ठेवून बसली होती. मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

पण डचच्या बाईंना हे सांगून काय उपयोग? त्यांना तिची भाषा ऐकायची होती. धावत्या वर्णनाची तिची पाळी आली तेव्हा ती कुंपणाशी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तिची बोबडी वळली. दोन मिनिटं वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी वही मिटली आणि हळूच पुढच्या मुलाला बोलावलं. त्या संध्याकाळी तिच्या आईचा मेसेज आला, कसं झालं? मी फोन पालथा ठेवला. काय लिहिणार?

जूनमध्ये नियम सैल झाले, नारिंगी शंकू गेले आणि पूर्ण वर्ग एकत्र आला. शेवटचा सामना दुसऱ्या वर्गाशी. सगळे शिक्षक आले होते. डचच्या बाई कुंपणाला टेकून उभ्या, हातात कॉफी. आकाश असं निळं होतं की या देशात ते असं असू शकतं यावर विश्वास बसू नये. खेळ अटीतटीचा झाला होता, आणि एका दांडग्या पोराने चेंडू सरळ वर मारला. वर म्हणजे किती वर! विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं तसा तो टोकाला जाऊन क्षणभर थांबला, आणि खाली यायला लागला.

फेकणारा बडबड्या आणि तिसऱ्या बेसवरची एक मजबूत मुलगी, दोघंही वर बघत एकाच चेंडूखाली धावत निघाली. दोघांनाही दुसरं येतंय हे दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पण माझ्या घशातून आवाज निघेना. माझ्या घशातून, बरं का. जिचं तोंड कधी बंद नसतं तिच्या.

“लोस!”

म्हणजे सोड. त्याला लागून त्या बडबड्याचं नाव, आणि लगेच त्या मुलीचं नाव घेऊन, तुझा आहे, तुझा. मुखवटा काढून फेकलेला, ती होमवर उभी, आणि तो आवाज कालव्यापलीकडे गेला असणार. बडबड्या जागच्या जागी बसला. तिसऱ्या बेसवरची मुलगी त्याला वळसा घालून पुढे गेली आणि चेंडू तिच्या हातमोज्यात पडला.

आणि मग ती थांबलीच नाही हो! सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही ओरडत होती, पहिल्या बेसकडे बघ, तिथला पळतोय, टाक, टाक, आता नको, थांब. शब्द मागेपुढे, क्रियापदं भलतीकडे, मधेच एक ‘अरे’. पण उरलेला सगळा डाव ती बोलत राहिली. कोणी कुठे उभं राहायचं, कोण दमलंय, आता कोण कुठे मारणार. मी डचच्या बाईंकडे बघितलं. त्यांची कॉफी कलंडून बुटावर सांडत होती.

शेवटचा टप्पा होता मेंटॉरबरोबरची भेट. इथली एक पद्धत आहे, ती मला अजूनही अचंब्यात टाकते. भेटीला आईवडील येतात, पण प्रश्न मुलाला विचारतात आणि उत्तर मुलानेच द्यायचं. आपले लोक इथे हमखास अडखळतात. प्रश्न मुलीला विचारला की बाबा बोलतात, आणि बाबा चुकले की आई दुरुस्त करते. भाषेचा मुद्दा होता म्हणून डचच्या बाईही येऊन बसल्या होत्या. टेबलावर काचेचा पडदा. तिची आई साडी नेसून आलेली, वडील इस्त्रीच्या शर्टात. गेले कित्येक दिवस ते काय बोलायचं याची इंग्रजीत तयारी करत होते, हे आईने मला सांगितलं होतं.

मी मुलीला विचारलं, तुला पुढच्या वर्षी काय करायचंय?

वडिलांनी घसा खाकरला. “Actually, what she feels is...”

तिने वडिलांकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता उजवा तळवा थोडा पुढे केला. आणि वडील, ज्यांनी जन्मात बेसबॉल बघितला नव्हता, वाक्याच्या मधोमध थांबले.

माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती, ती मी गिळली. मग ती डचमध्ये बोलायला लागली, सावकाश, एकेक शब्द ठेवत.

“मी आधी बघते. मग बोलते. मला वेळ लागतो, पण मला येतं. मला हाव्होत जायचंय.”

डचच्या बाई पुढे झुकल्या. तोंडावर बोलायची त्यांची सवय काही जायची नाही. म्हणाल्या, “आणि तिथे तुला कुणी वेळ दिला नाही तर?”

तिने आधी बाईंकडे नीट बघून घेतलं. तिची आई पदराचं टोक पिळत होती.

“मग मी ओरडेन,” ती म्हणाली.

त्या बाईंना मी इतक्या वर्षांत दात दाखवून हसताना बघितलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, तो आवाज मी ऐकलाय, माझं मत हाव्हो. पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या बैठकीत तिच्या नावावर जेमतेम मिनिटभर बोलणं झालं. व्याकरण कच्चं आहे, असं त्याच बाईंनी सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या, ते मी शिकवेन, बाकीचं तिचं तिला येतं.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या भेटीनंतरचा सायकल स्टँड. आई आणि मुलगी पुढे होऊन कुलपं काढत होत्या. वडील मागे रेंगाळले. तयार केलेलं सगळं भाषण तसंच खिशात राहिलं होतं त्यांच्या. मला म्हणाले, “ताई, तो हात कसला दाखवला हो तिने?”

मी सांगितलं, मैदानावरची खूण आहे. जागेवर थांब, चेंडू मला दिसतोय.

ते काही वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले. “आणि मी थांबलो,” म्हणाले.

“सगळेच थांबतात,” मी म्हटलं.

मग ते सायकलवर बसले. मुलगी पुढे, तिच्यामागे आई, त्यामागे ते. कोपऱ्यावर पोचल्यावर तिने मागे न बघता डावा हात लांब केला, आणि दोघंही निमूटपणे तिच्या मागोमाग वळले.